जुन्नरात जेवायचं कुठं?

(तरुण-तरुणींच्या दोन दिवसांच्या शिबिरात, जुन्नर भेटीच्या आदल्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला साधं काम दिलंय. उद्या सकाळी तुम्ही सगळे जुन्नर बघायला निघणार. आधी लेण्याद्री की आधी शिवनेरी, गाडी कुठं लावायची, हे ते बघतील. मी फक्त खायचं काय आणि कुठं, एवढं सांगायचं. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं आणि सासर आंबेगाव तालुक्यातलं. दोन्हीकडच्या चुली मी फुंकल्यात, म्हणून हे काम माझ्या वाट्याला आलं असावं.

पण "जेवायचं कुठं" हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा राहिलेला नाही. तुमच्या मोबाइलवरच्या गटांत काय फिरतं ते मला माहीत आहे. "आपल्या लोकांची हॉटेलं" अशी यादी फिरते. शेजारच्या गटात तशीच दुसरी यादी फिरते, तिच्यात आपली हॉटेलं "टाळायची" म्हणून असतात. दोन्ही याद्या करणारे एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेले असतात. म्हणून आज आधी पोटाचं बोलू, मग या याद्यांचं.

आधी पोटाचं.

जुन्नर-आंबेगावात आलात आणि मासवडी न खाता गेलात, तर आलात असं आम्ही धरत नाही. मासवडी शाकाहारी आहे. नाव माशाचं, आत मासा नाही. बेसन शिजवून त्याची पोळी ओल्या फडक्यावर थापतात. त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, खसखस आणि कोथिंबीर यांचं सारण पसरतात. फडक्यानंच गुंडाळून तिला तिकोनी आकार देतात आणि वड्या कापतात. कापल्यावर ती माशाच्या तुकडीसारखी दिसते. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. वडी रस्स्यात बुडवून ठेवू नका, फुटते. भाकरी कुस्करा, रस्सा ओता आणि वडी वरून मोडून घ्या. आमच्या घरी ईदच्या तिसऱ्या दिवशी, मटणाचा कंटाळा आला, की अम्मी मासवडी करायची.

सकाळी मिसळ खा. आमच्याकडच्या मिसळीत मटकी जास्त असते आणि रस्सा तिखट असतो. दुपारी साधी खानावळ गाठा. पिठलं, भाकरी, ठेचा, वांगं किंवा मटणाचा रस्सा मिळेल. बागायती पट्ट्यात हंगामाप्रमाणे द्राक्षं मिळतात. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार राज्याबाहेरचे व्यापारी ओळखतात. आंबेगावातल्या सातगाव पठारावरचा बटाटा पावसाळ्यात पिकतो. मंचरला दूध आहे, इतकं की मोठ्या डेऱ्या उभ्या राहिल्या. नारायणगावच्या द्राक्षांतून एका कंपनीनं 1980च्या दशकात फसफसणारी वाइन काढली होती आणि परदेशात ती "ओमर खय्याम" या नावानं विकली. जुन्नर तालुक्यातलं ते पेय आपल्यातल्या एका शायराचं नाव घेऊन जग फिरून आलं. तुम्ही मात्र ताक प्या.

पश्चिमेला, नाणेघाट आणि भीमाशंकरच्या बाजूला गेलात, की ताट बदलतं. तिकडे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं आहेत. भात, नाचणी, वरई, पावसाळ्यात कुरडू, भारंग, चाईचा मोहर अशा रानभाज्या आणि ओढ्यातले खेकडे. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते मूळ आंबेगाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. धरणानं ज्यांची शेतं गेली, त्या आदिवासींनी पुढे त्याच पाण्यात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. डिंभ्याचा मासा ताटात आला, तर तो कुणाच्या बुडालेल्या शेतावरून पोहत आलाय हे लक्षात असू द्या.

हॉटेलांची नावं मी देणार नाही. मालक बदलतात, आचारी बदलतात आणि नावाची पाटी तशीच राहते. ओळखायच्या खुणा देते. भाकरी तुमच्यासमोर थापली जाते का, ते बघा. आज रस्सा कशाचा, हे विचारल्यावर वाढपी भिंतीवरचा फलक न बघता सांगतो का, ते बघा. बाजाराच्या दिवशी शेतकरी जिथं बसतात तिथं बसा. हात धुवायच्या जागी साबण आहे का बघा. आणि सगळ्यात आधी पाण्याचा तांब्या बघा. जिथं पाणी न मागता आणि सगळ्यांना सारखं येतं, ती जागा चांगली.

आता "कुठं"कडे वळते. त्यासाठी दोन हजार वर्षं मागं जावं लागेल. घाबरू नका, लवकर परत येऊ.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी. बहुतेक बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली. कल्याणच्या बंदराकडून नाणेघाट चढून माल यायचा, तो या गावातून पुढे जायचा. व्यापारी, कारागीर, अधिकारी दान द्यायचे आणि काय दिलं ते भिंतीवर कोरून ठेवायचे. ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा, म्हणजे आपल्या मराठीची आजी. उद्या बघाल तेव्हा एक गोष्ट पाहा: लोकांनी नुसती देवळं-स्तूप दिले नाहीत, पाणी आणि जेवायची जागाही दिली.

एक लेख सांगतो की गत नावाच्या लोकांपैकी इरिल या यवनानं दोन पोढी दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. दुसरा लेख सांगतो की चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. मानमोडीच्या डोंगरात तिसरा लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानं पोढी आणि मंडप दिल्याचं त्यात लिहिलंय, वर्ष 46.

यवन म्हणजे तेव्हा ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परका माणूस. पुढे मराठी बखरींत आणि पोथ्यांत हाच शब्द मुसलमानांसाठी वापरला गेला. आज कुणी तुम्हाला तो शब्द हिणवून ऐकवला, तर शांतपणे सांगा, की जुन्नरात ज्या भोजनमंडपाच्या दात्याचं नाव दगडात कोरलेलं आहे, तो दाता यवन होता. तो आपला पूर्वज होता असं मी म्हणत नाही, तो मुसलमानही नव्हता, इस्लाम यायला अजून काही शतकं होती. मला त्यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते: तो परका होता, त्यानं जेवायची जागा बांधली, आणि संघ तिथं जेवला. त्याचं नाव खोडून काढावं असं कुणाला वाटलं नाही.

हे सगळं गोड-गोड झालं. आता कडू.

पंधराव्या शतकात, बहमनी काळात, अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलच्या बंदरावर उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. पावसाळाभर तो इथं राहिला. सोबत एक घोडा होता, तो विकायच्या आशेनं आणलेला. त्यानं आपल्या प्रवासाची हकिकत लिहून ठेवलीय. इथं घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर-तुपाची खिचडी शिजवून देतात, हे त्यानं नोंदवलंय. म्हणजे जुन्नरच्या खिचडीची ही जुनी नोंद आपल्याला सापडते ती घोड्याच्या तोंडची.

त्याच जुन्नरात, तो ख्रिस्ती आहे हे कळल्यावर, गावाचा अधिकारी असदखान यानं त्याचा घोडा काढून घेतला. आमचा धर्म घे, घोडा परत देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो. नाही घेतलास तर घोडा गेला आणि तूच हजार नाणी भर. चार दिवसांची मुदत. परमुलखात एकटा माणूस. शेवटी मुहम्मद नावाच्या एका खुरासानी माणसानं खानाकडे जाऊन रदबदली केली आणि घोडा सोडवून दिला. धर्म बदलावा लागला नाही.

या गोष्टीत दोन मुसलमान आहेत. सत्ता हातात असताना पाहुण्याला नाव आणि धर्म विचारणारा एक, आणि पाहुण्याचा माल पाहुण्याला मिळवून देणारा दुसरा. आपल्या पोरांना आपण इतिहास सांगतो तेव्हा मलिक अहमदनं 1490 मध्ये इथूनच निजामशाही उभी केली हे सांगतो, हापूसबागेतला हबशी घुमट दाखवतो, शिवनेरीवरची कमानी मशीद आणि तिच्याजवळचं पाण्याचं टाकं दाखवतो. जरूर दाखवावं. पण घोडा काढून घेणाऱ्याची गोष्टही सांगावी, म्हणजे घोडा सोडवणाऱ्याची किंमत कळते.

निकितिननं आणखी एक लिहिलंय. इथले हिंदू मुसलमानांबरोबर खात-पीत नाहीत, मुसलमानाची नजर ताटावर पडली तर जेवत नाहीत, आणि काही जण कुणाला दिसू नये म्हणून कापड झाकून जेवतात. म्हणजे आजच्या याद्या नव्या नाहीत. पण त्या काळी आणि त्यानंतरही गावगाडा दुसऱ्या बाजूनं ताट जोडतच होता. गावच्या जत्रेत बोकड कापायचा मान मुलाण्याचा. देव गावाचा, नवस पाटलाचा, सुरी मुलाण्याची आणि पंगत सगळ्या गावाची. आजही आपल्या भागात असं चालणारी गावं आहेत. फळं बागवानाकडची, जेवणानंतरचं पान तांबोळ्याचं. माझे अब्बा बेकरीत पाव भाजायचे. पहाटे चारला भट्टी लागायची आणि सहाला पाव मिसळवाल्यांकडे पोचायचा. तालुक्याच्या मिसळीतला अर्धा घास आमच्या भट्टीतून जायचा, तो कुणी विचारला नाही.

मात्र गावगाडा म्हणजे सोन्याचे दिवस होते असं समजू नका. त्याच गावात महारांना पाणवठा बंद होता. जोतिबा फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. आपणही स्वच्छ नव्हतो. आपल्यातल्याही कित्येक घरांत काही लोकांची कपबशी वेगळी ठेवलेली असायची. "आपल्यात जात नाही" असं व्यासपीठावरून म्हणायचं आणि लग्नाची दावत देताना बिरादरी बघायची, हे तुम्ही पाहिलेलं आहे.

चहाचंच बघा. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटं दिली. तिथं रानडे होते, टिळक होते. कुणी चहा घेतला, त्यांची नावं पुढे वर्तमानपत्रात छापून आली आणि सनातन्यांनी मोठं वादळ उठवलं. प्रकरण धर्मपीठापर्यंत गेलं, बहिष्कार पडला, काहींना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ख्रिस्त्यांच्या हातचा एक पेला चहा! हसू येतं ना? मग हेही ऐका. 1511 मध्ये मक्केत खैर बेग नावाच्या अधिकाऱ्यानं कॉफीवर बंदी घातली. कारण शोधताना शरियत पुढे केली, हकीम बोलावले. पण त्याला खुपत होतं ते वेगळंच: लोक कॉफी पीत एकत्र बसतात आणि बोलतात. ती बंदी फार टिकली नाही. आज मक्केत कॉफी मिळते आणि पुण्यात टिळकांच्या वाड्याजवळ चहाच्या टपऱ्या आहेत. पेय जिंकलं, बंदी घालणारे हरले.

या दोन्ही घटनांत भीती एकच होती. माणसं एका जागी बसून खाऊ-पिऊ लागली की ती एकमेकांची होऊ लागतात.

म्हणूनच आपल्या संविधानकर्त्यांनी मूलभूत हक्क लिहिताना हॉटेल विसरलं नाही. अनुच्छेद 15 मधलं दुसरं कलम काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांत जायला मज्जाव करता येणार नाही. पुढे त्याच कलमात विहिरी, तलाव आणि घाट येतात. उपाहारगृह आणि तलाव. भोजनमंडप आणि पोढी. जुन्नरच्या डोंगरात जे दान म्हणून दिलं गेलं, ते 1950 पासून प्रत्येकाचा हक्क झालं. दान घेणारा खाली हात धरतो, हक्कवाला सरळ बाकावर बसतो. हा फरक लक्षात ठेवा.

आता आजची एक गोष्ट सांगते. तालुक्यातल्या एका रस्त्यावर एक मुलगा अंडाभुर्जीची गाडी लावतो. गाव आणि नाव सांगत नाही, माझा विद्यार्थी होता एवढं पुरे. हात चांगला आहे त्याचा, संध्याकाळी गर्दी असते. गाडीवर नाव नव्हतं, नुसतं "भुर्जी-पाव" लिहिलेलं. एके दिवशी चार पोरांनी पोटभर खाल्लं. पैसे द्यायला एकानं फोननं क्यूआर कोड स्कॅन केला. स्कॅन केला की पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, तुम्हाला माहीत आहे. त्यानं नाव मोठ्यानं वाचलं. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. पैसे दिले, बुडवले नाहीत. पण परत आले नाहीत, आणि आठवड्याभरात आणखी काही जण यायचे थांबले.

तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, मित्राच्या खात्याचा क्यूआर लावू का? तो तयार आहे. रोज रात्री मला पैसे पाठवील."

मी तुम्हाला विचारते. काय सांगाल त्याला?

लगेच "अजिबात नाही, छाती काढून उभा राहा" म्हणणं सोपं आहे. आपल्या घरी रोजचा गल्ला मोजायचा नाही ना. त्याच्या घरी म्हातारी आजी आहे आणि गाडीचा हप्ता आहे. दुसरीकडे, स्वतःच्या हातची भुर्जी दुसऱ्याच्या नावानं विकायला लागली की ते कुठं थांबतं? आज खात्याचं नाव, उद्या हाक मारायचं नाव.

मी त्याला म्हटलं, निर्णय तुझा, कारण पोट तुझं. पण तू विचारलंस म्हणून माझं मत सांगते. त्या पोरांनी भुर्जी खाताना जे विचारलं होतं ते आठव. अंडी ताजी आहेत का, तेल कुठलं, मिरची कमी घालशील का. ते त्यांचं विचारायचं काम होतं आणि तू उत्तरं दिलीस. ताटात काय आहे, हे विचारायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे. ताट वाढणारा कोण आहे, हा प्रश्न जेवणाचा नाही. त्या प्रश्नाचं उत्तर तू लपवलंस, तर तो प्रश्न योग्य होता असं तूच मान्य केल्यासारखं होईल.

हा फरक माझ्या मनातला नाही. उत्तर प्रदेशात 2024 मध्ये कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाण्याच्या दुकानांवर मालकांची नावं लावायला सांगितलं गेलं. 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला अंतरिम स्थगिती दिली. दुकानदारांनी कोणतं अन्न विकतो हे लिहावं, पण नावं लिहायची सक्ती करता येणार नाही, असं सांगितलं. काय आहे ते सांगा, कोण आहे ते सांगायची जबरदस्ती नाही.

हाच नियम आपल्यालाही लागू आहे, आणि इथं मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. मटण हलाल आहे का, हे विचारायला तुम्ही लाजता कशाला? सरळ विचारा. जैन माणूस कांदा-लसूण आहे का विचारतो, उपासवाला साबुदाणा कोणत्या तेलात तळला विचारतो, तसं विचारा. नाही म्हणाला तर मासवडी मागवा. हलालच्या प्रश्नात कापणारा कोण आणि कसं कापलं हे येतं, ते मटणापुरतं. चहाला ते लागू नाही. मिसळीला नाही, भाकरीला नाही, उसाच्या रसाला नाही. "त्यांच्याकडचा चहा नको" हे दीन नाही. ते 1890 चं पंचहौद आहे, फक्त बाजू बदललेलं.

आणि 2025 च्या मार्चमध्ये राज्यात झटका मटणाच्या दुकानांसाठी "मल्हार" प्रमाणपत्र जाहीर झालं, तेव्हा आपल्या गटांत केवढा संताप झाला. कुणाला झटका खायचा असेल तर तो त्याचा प्रश्न, आपण हलाल खातो तसा. दुखतं ते यासाठी, की "अमक्याकडून घेऊ नका" हा त्यातला उघड अर्थ होता. बरोबर आहे, दुखायलाच हवं. पण मग "फक्त आपल्यांकडूनच घ्या" ही आपली यादी फॉरवर्ड करताना तोच काटा आपल्या बोटाला का टोचत नाही? जत्रेतल्या मुलाण्याचा मान टिकवायचा असेल, तर पाटलाच्या पंगतीला बसणंही टिकवावं लागेल.

तर त्या मुलाचं काय झालं? त्यानं स्वतःचाच क्यूआर ठेवला. वर गाडीवर मोठ्या मराठी अक्षरांत नाव रंगवून घेतलं, खाली अंड्याचा आणि पावाचा भाव. शाळेतले आम्ही काही जण, हिंदू-मुसलमान दोन्ही, सुटल्यावर तिथं जाऊ लागलो. उपकार म्हणून नाही, भुर्जी खरंच चांगली असते. गेलेली सगळी गिऱ्हाइकं परत आली नाहीत. धंदा पूर्वीपेक्षा थोडा कमी आहे. पण आता नाव वाचून जो थांबतो तो थांबतो, आणि पैसे देताना कुणाचा चेहरा बदलत नाही. हे जिंकणं आहे की नाही, तुम्ही ठरवा. तो रात्री झोपतो नीट, असं म्हणतो.

मुलींसाठी एक वेगळं बोलते. आपल्या छोट्या गावांत मुलींनी हॉटेलात बसायचं म्हणजे मागच्या बाजूच्या पडद्याच्या "फॅमिली रूम"मध्ये. पुढच्या बाकांवर पुरुष, चहा आणि गावच्या गप्पा. गावाचं राजकारण पुढच्या बाकांवर ठरतं. आणि घरच्या दावतीत? दालचा-खाना आधी मर्दानात जातो, पातेल्यात उरेल ते बायकांना. अनुच्छेद 15 मध्ये धर्म आणि जातीच्या शेजारीच लिंग हा शब्द आहे. उद्या तुम्ही मुली पुढच्या बाकावर बसा. बुरखा असो, जीन्स असो, साडी असो. बसायची जागा कपड्यावर ठरत नाही.

आणि तुमच्यापैकी कुणाला खाण्याचा धंदा करायचा असेल, तर जुन्नरकडे नीट बघा. 2018 मध्ये राज्य सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. किल्ला, लेणी, अष्टविनायकांतले दोन गणपती, घाट, धरणं, द्राक्षमळे. लोक येणार, त्यांना भूक लागणार. त्यांना पुण्यात मिळतं तेच पनीर आणि नूडल्स वाढू नका. मासवडी वाढा. रानभाजी आदिवासी बायांकडून योग्य भावानं घ्या आणि ती कुठल्या गावची ते फलकावर लिहा. आपल्या घरचा दालचा वाढा, शीरखुर्मा फक्त ईदला न ठेवता वर्षभर वाढा. वर्षातून एकदा शेजाऱ्याला शीरखुर्म्याची वाटी आणि दिवाळीला त्याच्याकडून फराळाचं ताट, एवढ्यावर शेजार टिकत नाही. रोज उघडं असणारं दुकान शेजार टिकवतं. शाकाहारी भांडी वेगळी ठेवायची तर खरोखर वेगळी ठेवा. आपल्या लग्नांत शाकाहारी पाहुण्यांसाठी आचारीसुद्धा वेगळा लावणारी माणसं आहेत, ती काळजी हॉटेलात आणा. फलक मराठीत लिहा. अन्नसुरक्षेचा परवाना दिसेल असा लावा. हिशेब चोख ठेवा. आणि दाराशी पाण्याचा माठ ठेवा, कुणीही प्यावा असा. आपण मोहर्रमला सबील लावतो ना, ती बारा महिने चालली तर काय बिघडलं?

आता उद्याचा बेत. सकाळी मिसळ, गावात. लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. खाण्याची पिशवी हातात ठेवू नका, माकडं घेऊन जातात. उतरल्यावर ताक किंवा लिंबू सरबत. मग शिवनेरी. गंगा-जमुना टाक्यांजवळ थोडं थांबा, कमानी मशिदीजवळच्या टाक्यापाशीही थांबा. दोन्ही खडकातलंच पाणी आहे, आणि गडाच्या तहानेनं दोघांत फरक केला नव्हता. दुपारी जेवायला पाच-पाच जणांचे गट करा आणि पाच वेगवेगळ्या ठिकाणी जा. एकही गट सगळा एका जातीचा, एका धर्माचा किंवा नुसत्या मुलग्यांचा नको. आपल्या शिबिरात हिंदू मित्रही आहेत, त्यांना वाटून घ्या. तुमच्या याद्यांत जे हॉटेल "आपलं" नाही, त्यात निदान एका गटानं जेवलंच पाहिजे.

बसल्यावर काय आहे ते नक्की विचारा. रस्सा कशाचा, भाकरी कशाची, तिखट किती. निघताना आचाऱ्याला भेटून जेवण चांगलं झालं असं सांगा, म्हणजे पुढच्या वेळी तुमच्यासारखा कुणी दारात आला तर तो ओळखीचा वाटेल. आणि पैसे देताना पडद्यावर जे काही नाव येईल, ते फक्त वाचा आणि रक्कम बरोबर टाका.